षटकोनी नकाशा कॉम्प्युटरमध्ये साठवतात कसा? मेळघाटाच्या उदाहरणातून समजून घ्या

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांना षटकोनी घरांचा नकाशा नवा नाही. 'सिव्हिलायझेशन' या गाजलेल्या गेमने २०१० साली आलेल्या पाचव्या भागात चौकोनी घरं सोडून षटकोन स्वीकारले. त्याच्याही आधी, १९९५ साली आलेल्या 'कॅटान' या बोर्ड गेममध्ये १९ षटकोनी तुकडे पिसून टाकले की दर डावाला नवं बेट तयार व्हायचं.

पण असा नकाशा कॉम्प्युटरला स्वतः बनवायला सांगितला, तर तो साठवायचा कसा? कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे एकामागोमाग एक असलेल्या खणांची लांबच लांब रांग. तिच्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवायची म्हणजे मांडणी ठरवावी लागते. या मांडणीलाच 'डेटा स्ट्रक्चर' म्हणतात. मांडणी चुकली तर नकाशा हळू चालतो, मेमरी खातो आणि कधीकधी चुकीचं उत्तरही देतो.

हे समजून घेण्यासाठी अमरावती जिल्ह्यातला मेळघाट घेऊ. धारणी आणि चिखलदरा हे इथले दोन तालुके. उत्तरेला तापी, दक्षिणेला गाविलगडची डोंगररांग आणि मध्ये व्याघ्र प्रकल्प. १९७४ साली घोषित झालेल्या या प्रकल्पाचं कोअर आणि बफर मिळून क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. एक षटकोन म्हणजे एक चौरस किलोमीटर धरला, तर साधारण २,७७० षटकोन लागतील. समजा, असाच डोंगर, नद्या आणि जंगल असलेला एक काल्पनिक नकाशा कॉम्प्युटरकडून रँडम पद्धतीने तयार करून घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करायची?

मुळात षटकोनच का?

एकसारख्या नियमित आकारांनी सपाट जागा फटी न ठेवता भरायची, तर तीनच पर्याय आहेत: त्रिकोण, चौकोन आणि षटकोन. चौकोनाची अडचण अशी, की त्याचे शेजारी दोन प्रकारचे असतात. बाजूला लागून असलेला शेजारी एक पाऊल दूर, तर कोपऱ्यातला शेजारी १.४१ पाऊल दूर. त्यामुळे तिरकं चालणारा सैनिक किंवा प्राणी फुकटात जास्त अंतर कापतो.

षटकोनाला सहा शेजारी असतात आणि सहाही सारख्याच अंतरावर. आपल्या एक चौरस किलोमीटरच्या षटकोनात दोन शेजाऱ्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर सुमारे १.०७ किलोमीटर भरतं, दिशा कोणतीही असो. शिवाय समान क्षेत्रफळाचे तुकडे पाडायचे असतील, तर सगळ्यात कमी लांबीच्या कुंपणात काम भागवणारा आकार हाच. मधमाशांना हे ठाऊक होतंच. गणिती सिद्धता मात्र थॉमस हेल्स यांनी १९९९ साली दिली.

पहिलं काम: प्रत्येक षटकोनाला पत्ता द्या

कुठलं डेटा स्ट्रक्चर वापरायचं, याच्या आधीचा प्रश्न आहे पत्त्याचा. इथे दोन पद्धती जास्त वापरल्या जातात.

पहिली पद्धत साधी वाटते. ओळ क्रमांक आणि स्तंभ क्रमांक द्यायचा, एक्सेलच्या शीटसारखा. पण षटकोनांच्या ओळी विटांच्या भिंतीसारख्या एकाआड एक सरकलेल्या असतात. त्यामुळे सम ओळीतल्या घराचे शेजारी शोधायचा नियम वेगळा आणि विषम ओळीतल्या घराचा वेगळा. प्रोग्राममध्ये सगळीकडे 'ओळ सम आहे का?' हे तपासत बसावं लागतं. एका ठिकाणी विसरलं, की अर्ध्या नकाशावर सगळं ठीक आणि अर्ध्यावर रस्ते भलतीकडे.

दुसऱ्या पद्धतीत अक्षच तिरके घेतात. प्रत्येक षटकोनाला दोन आकडे मिळतात. त्यांना 'क' आणि 'र' म्हणू. यातून तिसरा आकडा 'स' आपोआप निघतो, कारण नियम असा: क + र + स = ०. या पद्धतीत कुठल्याही घराच्या सहा शेजाऱ्यांसाठी एकच यादी पुरते. क आणि र मध्ये पुढच्या सहापैकी एक जोडी मिळवायची: (१, ०), (१, −१), (०, −१), (−१, ०), (−१, १), (०, १). ओळ सम असो की विषम, फरक पडत नाही.

अंतरही चुटकीसरशी निघतं. समजा नकाशावर धारणीचा पत्ता (४, १०) आणि हरिसालचा (२५, ८) आहे. हे आकडे फक्त उदाहरणापुरते. क मधला फरक २१, र मधला −२, म्हणून स मधला −१९. यातला वजा चिन्ह सोडून सगळ्यात मोठा आकडा म्हणजेच अंतर: २१ पावलं.

अमित पटेल यांच्या 'रेड ब्लॉब गेम्स' या साइटवर ही पद्धत चित्रांसह समजावलेली आहे आणि जगभरातले गेम बनवणारे तिचा आधार घेतात. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शेजारी आणि अंतर दोन्ही बेरीज-वजाबाकीतून मिळतात, त्यामुळे ते साठवून ठेवायची गरजच उरत नाही. पत्ता नीट निवडला, की डेटा स्ट्रक्चरचं निम्मं ओझं उतरतं.

आता साठवायचं कशात? चार पर्याय

१. ॲरे. एसटीच्या गाडीत प्रत्येक सीटला क्रमांक असतो. प्रवासी नसला तरी सीट जागेवर असतेच. ॲरे म्हणजे तसंच. पत्त्यावरून सीट क्रमांक काढायचा आणि थेट तिथे जायचं. शोधाशोध नाही, म्हणून हा पर्याय सगळ्यात वेगवान.

तोटा म्हणजे रिकाम्या सीटा. नकाशा स्वतःच षटकोनी आकाराचा असेल आणि मध्यापासून कडेपर्यंत ३० घरं असतील, तर एकूण घरं होतात २,७९१. म्हणजे जवळपास मेळघाटाएवढीच. तिरक्या अक्षांवर तो बसवायला ६१ गुणिले ६१ अशी ३,७२१ जागांची चौकट लागते. ९३० जागा रिकाम्या राहतात.

हे वाया जाणं ऐकायला मोठं वाटतं. पण एका घरासाठी चार बाइट धरले, तर वाया गेलेली जागा चार केबीच्याही आत आहे. व्हॉट्सॲपवर येणारा 'सुप्रभात'चा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यामुळे नकाशाचा आकार आधीच ठरलेला असेल, तर रिकाम्या जागेची भीती बाळगू नका.

२. हॅशमॅप. गाडीतल्या सगळ्या सीटा मांडण्याऐवजी, ज्यांनी रिझर्वेशन केलं त्यांचीच यादी ठेवायची. (४, १०) हा पत्ता दिला की त्याची नोंद मिळते. जी घरं नाहीत, त्यांना जागा लागत नाही. वेडावाकडा आकार चालतो, वजा आकडे चालतात आणि नकाशा कुठल्याही दिशेने वाढवता येतो.

पण प्रत्येक नोंदीसोबत पत्ताही साठवावा लागतो. पायथॉनमध्ये दोन आकड्यांची एक जोडीच पन्नासहून अधिक बाइट घेते, त्यात हॅशमॅपचा स्वतःचा खर्च वेगळा. म्हणजे २,७९१ घरांचा हॅशमॅप हा ३,७२१ जागांच्या घट्ट बांधलेल्या ॲरेपेक्षा कितीतरी जास्त मेमरी खाऊ शकतो. 'रिकाम्या जागा वाचवतो' म्हणून हॅशमॅप निवडणाऱ्यांचा नेमका इथेच घोळ होतो.

३. ग्राफ. प्रत्येक षटकोन ही एक वेगळी वस्तू आणि तिच्याकडे सहा शेजाऱ्यांकडे नेणाऱ्या खुणा. ऐकायला हे नैसर्गिक वाटतं. पण जे बेरजेने मिळतं तेच पुन्हा साठवायचं, म्हणजे दुप्पट काम. नकाशात दूरच्या दोन घरांना जोडणारे बोगदे किंवा एकेरी वाटा असतील, तेव्हाच याचा उपयोग. तेव्हाही फक्त ती जास्तीची जोडणी वेगळ्या यादीत ठेवलेली बरी.

४. तुकड्यांची मांडणी. खेळाडू चालत जाईल तसा नवा प्रदेश उलगडायचा असेल, तर ३२ गुणिले ३२ घरांचा एक तुकडा करतात. तुकड्याच्या आत ॲरे आणि सगळ्या तुकड्यांचा मिळून एक हॅशमॅप. दोन्हींचे फायदे मिळतात. खेळाडू दूर गेला की जुने तुकडे मेमरीतून काढूनही टाकता येतात. साध्या फोनवर मोठा नकाशा चालवायचा तर हाच मार्ग.

नदी घरात वाहते की दोन घरांच्या मधून?

मेळघाटाच्या उत्तरेला तापी वाहते. गेममध्ये तिला ओलांडताना जास्त वेळ लागावा, असं हवं असेल, तर नदी षटकोनाच्या आत न ठेवता दोन षटकोनांमधल्या कडेवर ठेवणं सोयीचं. पण प्रत्येक कड दोन घरांची सामाईक असते. दोन्ही घरांत नोंद केली, तर एक बदलली आणि दुसरी तशीच राहिली, असं होतं. मग धारणीच्या बाजूने नदी दिसते आणि पलीकडून येताना गायब!

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक घराने सहापैकी तीनच कडांची मालकी घ्यायची. उरलेल्या तीन कडा त्या-त्या शेजाऱ्याच्या नावावर. त्यामुळे एका कडेची नोंद एकदाच होते. नकाशाच्या सीमेवर बाहेरच्या बाजूला एक जास्तीची रांग ठेवली, की तिथल्या कडाही सुटत नाहीत. कॅटानच्या १९ तुकड्यांच्या बेटावर कडा ७२ आणि कोपरे ५४ असतात. रस्ते कडांवर, वस्त्या कोपऱ्यांवर. म्हणजे घरं, कडा आणि कोपरे अशा तीन वेगळ्या याद्या लागतात.

परतवाडा–सेमाडोह–हरिसाल–धारणी रस्त्यासारखी वाट दाखवायची असेल, तर घरांच्या पत्त्यांची क्रमवार यादी पुरेशी आहे. पण 'एका घरातून एकच वाट' असं गृहीत धरू नका. धूळघाटजवळ जुनी मीटर गेज रेल्वेलाइन चढ कमी करण्यासाठी वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांना वरून ओलांडायची. एकाच घरातून एकच लाइन दोनदा जायची!

रँडम नकाशा, पण दरवेळी तोच यायला हवा

कॉम्प्युटरचं 'रँडम' हे खरं तर एका सुरुवातीच्या आकड्यावर चालतं. त्याला 'सीड', म्हणजे बीज म्हणतात. बीज तेच, तर नकाशाही तोच. त्यामुळे मित्राला नकाशा पाठवायचा असेल तर पूर्ण फाइल पाठवायची गरज नाही, फक्त एक आकडा पाठवायचा. नेटवर्क येत-जात असलेल्या डोंगराळ भागात ही मोठी सोय आहे.

पण इथे एक सापळा आहे. प्रोग्राम हॅशमॅपमधली घरं एकेक करून घेत असेल आणि प्रत्येकाला पुढचा रँडम आकडा देत असेल, तर घरं कोणत्या क्रमाने येतात यावर नकाशा ठरतो. अनेक भाषांमध्ये या क्रमाची हमी नसते. 'गो' भाषेत तर हा क्रम मुद्दाम बदलता ठेवला आहे. पायथॉनची डिक्शनरी ३.७ आवृत्तीपासून नोंदी टाकलेल्या क्रमाने देते, पण तिथेही नोंदी वेगळ्या क्रमाने टाकल्या की नकाशा बदलतो. बीज एक असूनही एका फोनवर गाव डोंगरावर आणि दुसऱ्यावर नदीत, असा प्रकार होतो.

यावर भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक घराचा रँडम आकडा क्रमावर न ठेवता बीज आणि पत्ता मिळून काढायचा. मग (४, १०) चं घर आधी बनवा की शेवटी, उत्तर तेच. तुकड्यांच्या मांडणीत तर याला पर्यायच नाही, कारण खेळाडू आधी कोणत्या दिशेला जाईल हे कोणालाच माहीत नसतं.

पाणी उताराकडेच गेलं पाहिजे

प्रत्येक घराला अशी उंची दिली, तर नकाशा खडबडीत होतो. म्हणून शेजारच्या उंचींमध्ये सलगपणा आणणारं 'पर्लिन नॉइज'सारखं तंत्र वापरतात. तरीही मध्येच खोलगट खड्डे उरतात आणि नदी तिथे येऊन अडकते. मेळघाटात सिपना, गडगा, डोलार, खापरा आणि खंडू या नद्यांचं पाणी शेवटी तापीला मिळतं. नकाशातल्या नद्यांनाही तशी वाट मिळायला हवी.

इथे कामाला येते प्रायॉरिटी क्यू. ही अशी रांग आहे, जिच्यात कोण आधी आलं याला महत्त्व नसतं. सगळ्यात कमी उंचीचं घर पहिल्यांदा बाहेर येतं. सुरुवात नकाशाच्या कडेपासून करायची. दरवेळी सगळ्यात खालचं घर काढायचं, त्याचे न पाहिलेले शेजारी रांगेत टाकायचे आणि शेजारी त्याच्याहून खाली असेल तर त्याला तेवढं वर उचलायचं. शेजारी ज्या घरातून सापडला, तिकडे त्याचं पाणी जाणार. प्रत्येक घरात साठवायचं काय? शून्य ते पाच यांपैकी दिशेचा एक आकडा. नद्यांचं अख्खं जाळं तेवढ्यात मावतं.

जंगल जोडलेलं आहे की तुटलेलं?

हा प्रश्न गेमपुरता नाही. मेळघाट आणि मध्य प्रदेशातला सातपुडा व्याघ्र प्रकल्प यांच्यामध्ये वाघांच्या ये-जा करण्याचा कॉरिडॉर आहे. जंगलाचे तुकडे एकमेकांना जोडलेले आहेत का, हे तपासताना अभ्यासक रँडम नकाशांचाही वापर करतात. तेवढंच जंगल निव्वळ योगायोगाने विखुरलं असतं तर ते कितपत जोडलेलं दिसलं असतं, हे पाहायचं आणि खऱ्या जंगलाशी ताडून बघायचं. १९८० च्या दशकापासून ही पद्धत वापरात आहे.

यासाठीचं डेटा स्ट्रक्चर म्हणजे 'युनियन-फाइंड'. सुरुवातीला जंगलाचं प्रत्येक घर आपल्या गटाचं स्वतःच म्होरक्या असतं. दोन जंगली घरं शेजारी निघाली की त्यांचे गट एक करून एकच म्होरक्या ठेवायचा. शेवटी मेळघाटातल्या घराचा आणि सातपुड्यातल्या घराचा म्होरक्या एकच असेल, तर वाट आहे. दोघांचे वेगळे असतील, तर मध्ये कुठेतरी जंगल तुटलेलं आहे. लाखो घरांसाठीही हे उत्तर लगेच मिळतं.

इथेच घराच्या आकाराचं महत्त्व कळतं. खूप मोठ्या षटकोनी नकाशात प्रत्येक घर जंगल असेल की नाही हे स्वतंत्रपणे नाणं उडवल्यासारखं ठरवलं, तर जंगलाचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर जाताच या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एक सलग पट्टा तयार होतो. त्याखाली फक्त सुटी बेटं राहतात. चौकोनी नकाशात फक्त चार बाजूंचे शेजारी धरले, तर हाच उंबरठा सुमारे ५९ टक्के आहे. कोपऱ्यातले शेजारीही धरले तर तो सुमारे ४१ टक्क्यांवर येतो. म्हणजे ५५ टक्के जंगल असलेला रँडम नकाशा एका जाळीत 'जोडलेला' ठरेल आणि दुसरीत 'तुटलेला'. वाघ तोच, चालणार तेवढंच. उत्तर मात्र जाळीने बदललं.

खरं जंगल नाणं उडवून उगवत नाही, त्यामुळे हे आकडे त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण कुठल्याही नकाशावरचा 'कॉरिडॉर आहे' किंवा 'नाही' हा निष्कर्ष वाचताना घरं कोणत्या आकाराची होती आणि शेजारी कोणाला धरलं, हे विचारलंच पाहिजे.

खऱ्या पृथ्वीचा नकाशा असेल तर?

काल्पनिक नकाशा सपाट असतो, पृथ्वी गोल. गोलावर फक्त षटकोन बसत नाहीत. उबर कंपनीने २०१८ साली सर्वांसाठी खुल्या केलेल्या 'एच-थ्री' या प्रणालीत म्हणूनच प्रत्येक पातळीवर १२ पंचकोन आहेत. यात प्रत्येक घराचा पत्ता हा ६४ बिटांचा एकच आकडा असतो. सातव्या पातळीवरचं घर सरासरी ५.१६ चौरस किलोमीटरचं. त्या मापाने अख्खा व्याघ्र प्रकल्प सुमारे ५४० घरांत बसतो. पत्ता एकच आकडा असल्याने इथे हॅशमॅप किंवा डेटाबेसचा साधा तक्ता सोयीचा पडतो.

मग निवड कशी करायची?

थोडक्यात लक्षात ठेवायचं ते असं:

• पत्त्यासाठी क आणि र ची तिरक्या अक्षांची पद्धत घ्या.
• नकाशाचा आकार आधीच ठरलेला असेल, तर ॲरे.
• आकार वेडावाकडा किंवा विरळ असेल, तर हॅशमॅप.
• नकाशा खेळताना वाढत जाणार असेल, तर ॲरेचे तुकडे आणि त्यांचा हॅशमॅप.
• नदी, कुंपण, सीमा यांसाठी कडांची वेगळी यादी, एका कडेची एकच नोंद.
• पाण्याचा उतार आणि सगळ्यात सोपी वाट शोधायला प्रायॉरिटी क्यू.
• काय कशाला जोडलेलं आहे, हे बघायला युनियन-फाइंड.
• रँडम आकडा नेहमी बीज आणि पत्ता यांवरून. घरांच्या क्रमावरून कधीच नाही.

'सगळ्यात चांगलं डेटा स्ट्रक्चर कोणतं?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. नकाशाला सगळ्यात जास्त वेळा कोणता प्रश्न विचारला जाणार, ते आधी ठरवायचं. 'या घरात काय आहे?' हे विचारायचं असेल तर मांडणी वेगळी आणि 'इथून तिथे जाता येतं का?' हे विचारायचं असेल तर वेगळी. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की मेळघाटातल्या काही गावांचा संपर्क तुटतो. तिथे राहणाऱ्यासाठी दुसराच प्रश्न आधी येतो.